परागंदा पूर्वजाचा शोध : मौजे अकलूज, जिल्हा सातारा

एकोणिसाव्या शतकात गिरमिटावर मॉरिशसला गेलेल्या आणि परत न आलेल्या पूर्वजाचा माग ज्याला अकलूजपर्यंत आणावयाचा आहे, त्याने आरंभीच हे ध्यानी धरावे की, त्या काळचे अकलूज बहुधा सोलापूर जिल्ह्यात सापडावयाचे नाही. 1848 पर्यंत नीरेच्या दक्षिणेचा हा मुलूख सातारकर छत्रपतींकडे होता. राज्य खालसा झाल्यावर तो इंग्रजी सातारा जिल्ह्यात गेला, आणि अकलूज ज्यात येते तो माळशिरस तालुका सोलापूरला जोडला गेला तो 1875 साली. मधे थांबलेली मजुरांची मॉरिशसला रवानगी 1842 मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा मुंबई हे तिच्या परवानगीच्या बंदरांपैकी एक होते. म्हणजे त्यानंतरची तीसएक वर्षे इकडून गेलेल्या माणसाचा जिल्हा साताराच लिहिला जाणार.

हा जिल्हा ज्यांत लिहिला जाई ती मॉरिशसची मजूर-दप्तरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. एकेका माणसाची एकेक ओळ : क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, अंगावरची खूण, जिल्हा, परगणा, गाव, जहाज. 1867 च्या कायद्याने करार संपलेल्यांच्या तिकिटावर छायाचित्रही आले, आणि ज्याचे नावही घरात उरले नव्हते त्याचा चेहरा पणतवंडांना दिसू लागला. कागदाचे याहून मोठे उपकार मला ठाऊक नाहीत.

परंतु त्या ओळीत आडनाव सहसा नसते. तिकडे पूर्वजाचे नाव हेच पुढे कुळाचे आडनाव झाले आणि इकडे भावकी आडनावावर चालते, त्यामुळे दोन्ही टोके जुळवावयाची ती बापाच्या नावावर. हा बाप गावातच राहिलेला असतो. पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत, मोडी दप्तरात, किंवा दक्षिण महाराष्ट्रात दारोदार फिरून कुळाच्या पिढ्या तोंडपाठ म्हणणाऱ्या हेळव्याच्या मुखी तो भेटण्याचा संभव असतो. जुन्या मराठी महसुलात तर परागंदा झालेल्याच्या जमिनीस गतकुळी म्हणत, आणि कसणारा बदलला तरी थळाला, म्हणजे त्या जमिनीला, मूळ घराण्याचेच नाव चाले. तेव्हा गेलेल्या माणसाचा पत्ता कधीकधी त्याने सोडलेले शेतच सांगते. मात्र भावकीच्या वंशावळीत ज्या भावापुढे रेघ संपते त्याला निपुत्रिक समजून सोडून देण्याची घाई करू नये. त्याचे आणि बापाचे नाव लिहून घेऊन, सातारा जिल्ह्याखाली, मोका येथील दप्तरात विचारणा करावी.