लढाऊ विमानांची खरेदी : किंमत, खर्च आणि ऑफसेटचे मोल

वसईच्या किल्ल्याजवळील पाचूबंदरच्या किनाऱ्यावर नवी मासेमारी बोट घेणारा नाखवा केवळ बोटीची किंमत पाहून सौदा करीत नाही. इंजिनास डिझेल किती लागेल, बर्फ व जाळी यांवर हंगामात किती खर्च होईल, पावसाळ्यात बोट ओढून शाकारल्यावर डागडुजीस किती पैसे पडतील, इंजिनाचा भाग मोडल्यास तो जवळपास मिळेल की परमुलखातून आणावा लागेल, हा सारा हिशेब तो मनाशी करतो. आता अशी कल्पना करावी की, विकणाऱ्याने त्यास सांगितले, 'बोटीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी मासळी मी तुमच्याकडून विकत घेईन.' जाणता नाखवा तीन प्रश्न विचारील. या अभिवचनापायी बोटीची किंमत किती वाढविली? ही मासळी तुम्ही एरवीही घेतच होता काय? आणि ती यंदा घेणार की दहा वर्षांनी?

परदेशी लढाऊ विमाने घेताना विक्रेत्याने मोबदल्यात ग्राहकदेशातून माल घ्यावा, तेथे भांडवल गुंतवावे वा तंत्रज्ञान द्यावे, अशी जी अट घातली जाते तिला ऑफसेट म्हणतात. तिचे अर्थशास्त्र बव्हंशी वरील तीन प्रश्नांतच सामावलेले आहे. महाराष्ट्रात नाशिकजवळील ओझर आणि नागपूरचे मिहान क्षेत्र ही या प्रश्नांच्या अभ्यासाची दोन प्रत्यक्ष स्थळे होत.

किंमत आणि खर्च

प्रथम 'किंमत' या शब्दाचा उलगडा करणे अवश्य आहे. नुसत्या विमानाची किंमत ही एक. शस्त्रे, सुटे भाग, प्रशिक्षण व तळावरील सोयी धरून होणारी किंमत ही दुसरी. आणि इंधन, देखभाल व दुरुस्ती मिळून विमानाच्या संपूर्ण सेवाकाळात होणारा खर्च ही तिसरी. २३ सप्टेंबर २०१६ रोजी भारत व फ्रान्स यांच्यात ३६ राफेल विमानांचा करार झाला. त्याची रक्कम सुमारे ७.८७ अब्ज युरो होती. या रकमेत शस्त्रे, सुटे भाग, भारतासाठी केलेले विशेष फेरबदल व देखभालीचे साहाय्य यांचाही अंतर्भाव होता. या रकमेस ३६ ने भागून येणारा आकडा ही एका विमानाची किंमत नव्हे. अशा आकड्याची दुसऱ्या देशाने दिलेल्या नुसत्या विमानाच्या किमतीशी तुलना करणे म्हणजे वजने बदलून तराजू धरण्यासारखे आहे.

२००७ साली १२६ विमानांसाठी मागविलेल्या निविदांत सेवाकाळातील खर्चही मोजण्याचे तत्त्व स्वीकारण्यात आले, आणि त्या हिशेबाने जानेवारी २०१२ मध्ये राफेलची निविदा सर्वांत कमी खर्चाची ठरली. त्यांपैकी १८ विमाने तयार स्थितीत यावयाची होती, तर १०८ हिंदुस्थान एरोनॉटिक्सने भारतात बांधावयाची होती. परंतु भारतातील बांधणीस लागणारे श्रमतास आणि तेथे बांधलेल्या विमानांची हमी यांवर वाटाघाटी अडल्या, व २०१५ मध्ये तो प्रस्ताव मागे पडला. अखेर पहिली पाच राफेल विमाने २९ जुलै २०२० रोजी अंबाला येथे उतरली. निविदा व विमान यांच्यामधील ही तेरा वर्षे कोणत्याही खर्चपत्रकात दिसत नाहीत. तथापि जुनी विमाने अधिक काळ उडवीत राहण्याचा भार हवाई दलाने आणि त्याच्या वैमानिकांनी वाहिला. स्थानिक उत्पादनाच्या अटीमुळे होणारा विलंब हाही खर्चच होय.

ओझरचा धडा

१९६२ साली मिग-२१ विमानांसंबंधी सोव्हिएत संघाशी करार झाल्यावर १९६४ मध्ये ओझरचा कारखाना स्थापन झाला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक सामग्री हैदराबादला अशी विभागणी होती. त्या काळी परकीय चलनाची तीव्र टंचाई होती. सोव्हिएत संघाशी व्यवहार रुपयांत होई, आणि त्या रुपयांतून तो देश चहा, ताग, चामडे इत्यादी भारतीय माल घेई. नावाने हा ऑफसेट नसला तरी परिणामाने तो त्याच जातीचा व्यवहार होता. दुर्मीळ डॉलर वाचले हा त्याचा लाभ. परंतु त्याच मालाचा जो भाग अन्यत्र डॉलर घेऊन विकता आला असता, तेवढ्यापुरता हा लाभ आभासात्मक होता. नाखव्याचा दुसरा प्रश्न येथे लागू पडतो.

ओझरला मिग-२१ नंतर मिग-२७ आणि पुढे २२२ सुखोई-३० एमकेआय विमाने बांधली गेली. येथे बांधलेले सुखोई रशियाहून तयार आणलेल्या विमानापेक्षा महाग पडले. या जादा खर्चाने कारागिरांचे कौशल्य, मोठ्या दुरुस्तीची देशांतर्गत सोय आणि लहान पुरवठादारांची साखळी विकत घेतली गेली. मिग-२१ विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच ओझरला देशी तेजस मार्क-१ए विमानांच्या तिसऱ्या उत्पादनशाखेचे उद्घाटन झाले. सहा दशके टिकलेली ही परंपरा हे त्या खर्चाचे फळ होय. मात्र त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. परवान्यावरील उत्पादन एखादा भाग 'कसा' घडवावा हे शिकविते. तो 'तसाच का' घडवावा हे शिकवीत नाही. रचनेचे ज्ञान त्यातून आपोआप येत नाही.

एक काल्पनिक हिशेब

समजा, एका विक्रेत्याची निविदा १०० कोटींची, ऑफसेटविना आहे. दुसऱ्याची ११० कोटींची असून तीत ३० टक्के, म्हणजे ३३ कोटींच्या ऑफसेटचे अभिवचन आहे. त्यातील निम्मी कामे त्याने एरवीही भारतातच दिली असती, असे धरल्यास खरी नवी कामे १६.५ कोटींची उरतात. त्यांसाठी लागणारे श्रम व यंत्रे अन्यत्रही उपयोगी पडली असती; म्हणून निव्वळ लाभ समजा एकपंचमांश, म्हणजे ३.३ कोटी. अर्थात १० कोटी जादा देऊन ३.३ कोटींचा लाभ पदरात पडला. ३३ कोटींचा आकडा जाहिरातीपुरताच राहिला.

आता असे समजा की, त्याच ऑफसेटमधून इंजिनदुरुस्तीचे तंत्र मिळाले व त्यायोगे ३० वर्षे दरसाल १ कोटीची बचत झाली. ८ टक्के दराने या बचतीचे आजचे मूल्य सुमारे ११.२६ कोटी होते, आणि जादा दिलेले १० कोटी सार्थकी लागतात. परंतु तेच तंत्र दहा वर्षे उशिरा हाती आले, तर उरलेल्या वीस वर्षांच्या बचतीचे आजचे मूल्य सुमारे ४.५५ कोटीच भरते. यावरून असे दिसते की, ऑफसेटचे मोल त्याच्या टक्केवारीपेक्षा त्यातून काय मिळते व केव्हा मिळते यांवर अधिक अवलंबून असते.

नागपूर आणि नंतर

राफेल करारात ऑफसेटचे प्रमाण ५० टक्के होते. त्या अनुषंगाने २७ ऑक्टोबर २०१७ रोजी मिहान येथे दासो व रिलायन्स यांच्या संयुक्त कारखान्याची कोनशिला बसविली गेली, आणि तेथील कामाचा आरंभ फाल्कन या मुलकी जेट विमानांच्या भागांपासून झाला. जागतिक उत्पादनसाखळीत विदर्भास स्थान मिळणे हा लाभ लहान नाही. परंतु तो औद्योगिक धोरणाचा लाभ आहे. संरक्षणसिद्धतेचा लाभ म्हणून त्याची नोंद करणे योग्य नव्हे. ओझरचा कारखाना हवाई दलाच्याच विमानांची उस्तवार करतो. दोहोंचे माप एकच धरल्यास गोंधळ माजतो.

सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत सादर झालेल्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने अभिवचन व पूर्तता यांतील अंतर उघड केले. २००५ पासून मार्च २०१८ पर्यंत ६६,४२७ कोटी रुपयांचे ४६ ऑफसेट करार झाले होते. डिसेंबर २०१८ पर्यंत १९,२२३ कोटींची पूर्तता अपेक्षित होती. विक्रेत्यांचा दावा ११,३९६ कोटींचा, आणि मंत्रालयाने मान्य केलेली रक्कम ५,४५७ कोटींची होती. राफेलच्या बाबतीतही दायित्वाचा निम्म्याहून अधिक भाग सातव्या वर्षावर ठेवलेला होता. नाखव्याचा तिसरा प्रश्न किती मोलाचा आहे, हे यावरून कळते.

हा अनुभव भारतापुरता मर्यादित नाही. दक्षिण आफ्रिकेने १९९९ साली ग्रिपेन विमाने व अन्य शस्त्रे घेतली, तेव्हा खरेदीच्या कित्येक पटींच्या गुंतवणुकीची व सुमारे ६५,००० रोजगारांची आशा दाखविण्यात आली होती. ती फलद्रूप झाली नाही. उलट १९७५ साली बेल्जियम, डेन्मार्क, नेदरलँड्स व नॉर्वे यांनी एकत्र येऊन एफ-१६ घेतले तेव्हा स्वतःच्या विमानांच्या मूल्याचे ४०, अमेरिकेच्या विमानांच्या मूल्याचे १० आणि इतर देशांना विकलेल्यांचे १५ टक्के काम आपणांस मिळावे, असे त्यांनी नेमके ठरवून घेतले. मागणी मोठी, काम निश्चित आणि ते त्याच विमानाचे, यांमुळे तो सौदा अधिक भक्कम राहिला.

ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नव्या कार्यपद्धतीने आंतरशासकीय करार व एकाच विक्रेत्याकडून होणारी खरेदी यांतून ऑफसेटची अट वगळली. ऑफसेट फुकट मिळत नाही, याची ही एक प्रकारे कबुलीच होती. परंतु अट वगळल्याने मूळ प्रश्न सुटत नाही. देशात काय घडवावे व त्यासाठी किती मोजावे, हे ठरवावेच लागते. म्हणून प्रत्येक निविदेची किंमत ऑफसेटसह व ऑफसेटविना अशी वेगवेगळी मागविणे, त्यातून मिळणारे नेमके कौशल्य आधीच नमूद करणे, आणि पूर्ततेस वर्षवार मुदत व उशिरास दंड ठेवणे, ही किमान पथ्ये होत. ऑफसेट ही विमानासोबत मिळालेली भेट नसून त्याच बिलात घेतलेली दुसरी वस्तू आहे. तिचे मोल विमानाच्या मोलाइतक्याच कसोशीने पारखले गेले नाही, तर त्याची तूट सार्वजनिक तिजोरीला भरून द्यावी लागते, आणि आकाशातील वैमानिकालाही.