तारपा पाहिला, ऐकला कोणी?

मराठी सुशिक्षिताचे संगीतप्रेम हे मुख्यतः शब्दप्रेम आहे, असे म्हटले तर ते फारसे अन्यायाचे ठरू नये. अभंग, नाट्यपद, लावणी, भावगीत, चित्रपटगीत या साऱ्या वाटांनी त्याच्या कानापर्यंत येणारा सूर शब्दाचे बोट धरूनच येतो. सनई मंगलकार्यापुरती, बँड वरातीपुरता आणि सतार-सरोदाची मैफल जाणकारांपुरती, अशी वाद्यसंगीताची वाटणी त्याने परस्पर करून टाकलेली आहे. शब्द नसलेले संगीत एखाद्या समाजाचे मन घडवू शकते, प्रसंगी प्रतिष्ठितांना अस्वस्थही करू शकते, ही कल्पना त्याला काहीशी परकी वाटते.

पाश्चात्त्य जगात मात्र या सामर्थ्याचा प्रत्यय रॉक संगीताच्या उषःकालीच आला होता. १९५८ साली अमेरिकेत लिंक रे या गिटारवादकाची ‘रंबल’ ही रचना प्रसिद्ध झाली. तीत एकही शब्द नव्हता. तरीही तेथील काही नभोवाणी केंद्रांनी ती वाजवण्यास नकार दिला. रंबल म्हणजे रस्त्यावरच्या बोलीत टोळ्यांची मारामारी. हे सूर ऐकून तरुण चेकाळतील, अशी धास्ती त्यांना वाटली. शब्दांवर बंदी घालणारे जगात पुष्कळ होऊन गेले. नुसत्या सुरांची अशी धास्ती घेतली जाणे विरळाच. त्या रचनेतला खरखरीत, फाटका नाद काढण्यासाठी लिंक रेने ध्वनिवर्धकाच्या कागदी पडद्याला पेन्सिलीने भोके पाडली होती, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. नव्या नादाचा शोध महागड्या साधनांवाचून अडत नाही. आपले मूळ शॉनी या आदिवासी जमातीत असल्याचे हा वादक सांगत असे.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६० साली, इंग्लंडमध्ये ‘द शॅडोज’ या वाद्यवृंदाची ‘अपाचे’ ही अशीच निःशब्द रचना लोकप्रियतेच्या शिखरावर पोहोचली. अपाचे हे अमेरिकेतल्या एका लढाऊ आदिवासी जमातीचे नाव. रचनाकार जेरी लॉर्डन हा मात्र इंग्रज. त्याला स्फूर्ती मिळाली ती त्याच नावाच्या एका चित्रपटापासून. रचना सुरेख आहे यात संशय नाही. परंतु जमातीचे नाव जगभर गेले आणि त्या जमातीचे स्वतःचे संगीत होते तेथेच राहिले.

हा अनुभव परक्या देशापुरता आहे असे समजण्याचे कारण नाही. महाराष्ट्राच्या उत्तर कोकणात असेच घडलेले आहे. वारली चित्रे आज कोणाला ठाऊक नाहीत? डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती जगापुढे नेली; २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१४ साली या चित्रकलेला भौगोलिक मानांकन लाभले. शाळांच्या भिंती, साड्यांचे पदर, चहाचे पेले, शुभेच्छापत्रे, सर्वत्र ती पोहोचली. त्यातले सर्वांत परिचित चित्र कोणते? मधोमध लांबट वाद्य फुंकणारा एक वादक आणि त्याच्याभोवती कमरेला हात घालून वळत गेलेली नाचणाऱ्यांची साखळी. ते वाद्य म्हणजे तारपा. ज्यांच्या दिवाणखान्यात ते टांगलेले आहे, त्यांपैकी कितींनी त्याचा आवाज ऐकला असेल?

तो ऐकायचा तर जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांतील पाड्यांवर जावे लागते. २०१४ च्या ऑगस्टपर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेले आणि त्यानंतर पालघर जिल्ह्यात आलेले हे डोंगराळ तालुके. लोकसंख्येत आदिवासींचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक. वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी, कातकरी या जमातींची ही वस्ती. एका दुधी भोपळ्याची वाळवून पोकळ केलेली कवटी, तिला जोडलेल्या बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांत बसवलेल्या बांबूच्याच जिभळ्या, सांधे पक्के करायला मेण आणि टोकाला ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला कर्णा, एवढीच तारप्याची सामग्री. बाजारातून आणावे असे त्यात जवळजवळ काही नाही. काही तारपे माणसाच्या उंचीला भिडतात.

तारप्याचे रहस्य त्याच्या घडणीपेक्षा श्वासात आहे. वादक गालात हवा साठवून ती भोपळ्यात सोडत राहतो आणि त्याच वेळी नाकाने श्वास घेतो. त्यामुळे नाद कोठेही तुटत नाही. ही विद्या पुस्तकातून येत नाही; वर्षानुवर्षांच्या सरावाने छातीत मुरावी लागते. तारपकरी चाल बदलतो तशी नाचणाऱ्यांची पावले बदलतात. कोणी आज्ञा देत नाही, गाणे सांगत नाही. सुरातला फेर कानांनी टिपायचा आणि पायांनी पाळायचा. तारप्याकडे पाठ करायची नाही, हा त्या नाचाचा दंडक. श्रोता वेगळा आणि कलावंत वेगळा, अशी विभागणीच येथे नाही. ऐकणे म्हणजेच नाचणे आणि नाचणे म्हणजेच समजणे.

हे संगीत क्षीण होत आहे, अशी हळहळ अधूनमधून व्यक्त होते आणि दोष बहुधा दूरदर्शनला, मोबाइलला किंवा नव्या पिढीच्या अनास्थेला दिला जातो. हे निदान अपुरे आहे. तारप्याचा हंगाम भात पिकण्याच्या सुमारास सुरू होतो. कापणी, मळणी आणि दिवाळी हे त्याच्या ऐन बहराचे दिवस. परंतु या तालुक्यांतली शेती मुख्यतः पावसाच्या एकाच पिकाची, डोंगरउतारावरची. भात, नाचणी, वरई एवढ्यावर वर्ष निभत नाही. म्हणून दिवाळी सरते न सरते तोच कुटुंबेच्या कुटुंबे वसई, भिवंडी, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघतात. पुष्कळांनी मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत परतायची सोय नसते. परतणे होते ते पावसाच्या तोंडावर, पेरणीसाठी. वैतरणेच्या खोऱ्यातले पाणी मुंबईची तहान भागवते आणि त्याच खोऱ्यातल्या मोखाड्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. माणसांची वाटही पाण्याच्याच दिशेने जाते.

याचा संगीताशी संबंध काय, असा प्रश्न विचारला जाईल. संबंध अगदी थेट आहे. सतार शिकायला एक गुरू आणि एक शिष्य पुरेसे होतात. तारप्याला पाडा लागतो. वादक आहे पण फेर धरायला माणसे नाहीत, तर ती कला वादकाच्या छातीत कोंडून राहते. शिवाय कोणतीही विद्या शिकण्यासाठी रिकामा वेळ लागतो. शेतकरी समाजात हा वेळ सुगीनंतरच्या महिन्यांत मिळत असे. ते महिनेच भट्टीवर गेले तर मुलाने बापाकडून श्वासाची युक्ती शिकायची केव्हा? अर्थशास्त्र ज्याला हंगामी बेकारी म्हणते, तिच्याच पोटात एके काळी संगीताची शाळा भरत होती, हे नियोजनकारांच्या कोष्टकांत कोठे दिसत नाही.

आदिवासी तरुणाने संगीत टाकले आहे, असेही नाही. लग्नाच्या मांडवात आज तारप्याच्याच चाली विजेच्या कीबोर्डवर, मोठ्या ध्वनिवर्धकांतून वाजतात आणि शब्दावाचून रात्रभर नाच चालतो. शुद्धतेच्या कैवाऱ्यांना हा भ्रष्टाचार वाटतो. परंतु पडद्याला भोके पाडणाऱ्या गिटारवादकाला जो न्याय, तोच या तरुणालाही लागू करावयास हवा. चाल जिवंत आहे म्हणूनच ती नवे वाद्य धरते. मात्र यात काय गमावले जाते, तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. कीबोर्डला श्वास लागत नाही. भोपळा निवडणे, जिभळी तासणे, मेण लावणे ही कारागिरी लागत नाही. तारपकरी नाचणाऱ्यांच्या पावलांकडे पाहत चाल बदलतो. भिंतीएवढ्या ध्वनिवर्धकाला ते पाऊल दिसत नाही. नव्याचे स्वागत करण्यासाठी जुन्याचा मृत्यू ही अट असण्याचे कारण नाही.

जव्हार तालुक्यातील वाळवंडा येथील वयोवृद्ध तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचे नाव २०२६ च्या पद्मश्रीच्या यादीत आले, ही आनंदाची गोष्ट आहे. एका भोपळ्याच्या वाद्याने देशाच्या सन्मानपत्रात स्थान मिळवले. पण पुरस्कार व्यक्तीला मिळतो. चाल पाड्याची असते. पुरस्काराच्या पाठोपाठ समारंभ येतात आणि रात्रभर वाजणारे संगीत पाहुण्यांच्या आगमनापूर्वीच्या दहा मिनिटांत बसवले जाते. संगीत ऐकण्याची ही रीत नव्हे. ती शोभेची रीत आहे.

करण्याजोगे पुष्कळ आहे आणि ते फार खर्चाचेही नाही. चाली त्यांच्या नावांनिशी, वादकांच्या आणि पाड्यांच्या नावांनिशी, संपूर्ण लांबीच्या ध्वनिमुद्रित कराव्यात. आश्रमशाळांत तारपकऱ्याला पाहुणा म्हणून नव्हे, तर पगारी शिक्षक म्हणून बोलवावे. परंतु या साऱ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे: सुगीनंतरच्या महिन्यांत गावातच काम आणि कामाचा वेळेवर दाम. रोजगार हमीची कल्पना देशाला महाराष्ट्रानेच दिली. १९७७ साली तिचा कायदाही केला. मजुराला पोटासाठी गाव सोडावे लागू नये, हा त्या कल्पनेचा गाभा होता. तो जव्हार-मोखाड्यात खरा झाला, तर संस्कृती रक्षणाच्या वेगळ्या योजनेची गरज निम्म्याने कमी होईल.

तोवर सुशिक्षित रसिकाने एवढे तरी करावे. भिंतीवरच्या चित्रातला फेर निव्वळ नक्षी नव्हे. ते एका वाद्याभोवती जमलेले गाव आहे. ते वाद्य ऐकण्यासाठी भात कापणीच्या दिवसांत एखादी रात्र जव्हारच्या डोंगरात काढावी, शब्दांची वाट न पाहता. ऐकणारे कान वाढले तर वादकाचा मान वाढेल. पण फेर धरणारी माणसे त्या रात्री पाड्यावर असतील की भट्टीवर, हे ठरवणारे हिशेब शहरात मांडले जातात.