गिधाडांच्या आगमनाचा उत्सव

पक्ष्यांच्या आगमनाशी निगडित लोकोत्सव अनेक देशांत आढळतात. परंतु जो पक्षी सामान्यतः अमंगल मानला जातो, त्याच्या स्वागतार्थ सारा गाव जमावा, हे विरळाच. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील हिंक्ली येथे अशी प्रथा आहे. हिवाळ्यात दक्षिणेकडे गेलेली टर्की गिधाडे १५ मार्चच्या सुमारास तेथील खडकाळ कड्यांकडे परततात व त्यानंतरच्या रविवारी उत्सव भरतो. १९५७ साली त्यास प्रारंभ झाला.

या आगमनाविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. २४ डिसेंबर १८१८ रोजी शेकडो लोकांनी तेथील रान चहूबाजूंनी वेढून अस्वले, लांडगे व हरणे यांची प्रचंड शिकार केली. बर्फात राहिलेली कलेवरे वसंतात उघडी पडली आणि त्यांमुळे गिधाडे आली, असा समज आहे. शिकार घडली हे खरे. तथापि एका वर्षाच्या भक्ष्याने स्थलांतराचा क्रम दोन शतके टिकत नसतो. मुक्कामास निर्वेध कडे आणि भोवतालचे रान ही कारणे अधिक ग्राह्य होत.

टर्की गिधाडाचे घ्राणेंद्रिय असाधारण तीक्ष्ण असते. दाट झाडीखाली दडलेले कलेवरही ते वासावरून शोधते. त्याच्या जठरातील तीव्र आम्लात अनेक रोगजंतू नष्ट होतात. भारतीय गिधाडे मात्र दृष्टीवर विसंबतात. या दोन गटांचे नाते दूरचे असले, तरी त्यांचे निसर्गातील कार्य एकच आहे.

ते कार्य खंडित झाल्यास काय होते, हे आपल्या देशाने अनुभवले. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ साली सिद्ध झाले. २००६ साली भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. दरम्यान उघड्यावरील कलेवरे भटक्या कुत्र्यांच्या वाट्यास गेली होती.

२००९ पासून सप्टेंबरचा पहिला शनिवार आंतरराष्ट्रीय गिधाड जागृती दिन म्हणून पाळला जातो. उत्सवाने पक्षी वाचत नाहीत, हे मान्यच आहे. परंतु ज्या गावात दरवर्षी लोक गिधाडांची वाट पाहतात, तेथे ती न आल्यास त्याच वर्षी ध्यानात येईल. आपल्याकडे ते ध्यानात येण्यास फार विलंब झाला.