जुनेराचा हिशेब

गोधडीवर आजकाल जे काही लिहिलं जातं, त्यात 'मायेची ऊब' पहिल्या तीन ओळींत येतेच. ऊब असते, नाही असं नाही. पण ज्यांनी आयुष्यभर गोधड्या शिवल्या त्या बायका आधी कापडाबद्दल बोलतात. कुठलं लुगडं किती वापरलं, कुठे विरलं, कुठला भाग अजून दमाचा आहे. घरात आलेलं कापड शेवटच्या धाग्यापर्यंत वसूल करण्याची जी रीत महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या चालली, तिच्यातला गोधडी हा एक मुक्काम. तोही शेवटचा नव्हे.

नऊवारी लुगडं आधी सणावाराचं, मग रोजचं, मग शेतातलं. मधे विरलं की फाटका भाग काढून उरलेल्या तुकड्यांना दंड घालायचा, की आणखी वर्षभर नेसता येतं. तेही गेलं की त्याचं जुनेर झालं. जुनेरातून लेकीचं परकर-पोलकं, बाळाचं झबलं, टोपडं, कुंची, दुपटं, लंगोट, हंड्याखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ. या सगळ्यातून जे वाचेल ते गोधडीत. गोधडी विरली की तिच्यावर नवं आवरण चढवून पुन्हा गोधडी. एखादी जुनी गोधडी उसवली तर आत आणखी एक सापडते ती अशी. पार चिंध्या झाल्या की वासराखाली, नाहीतर सारवणाच्या पोतेऱ्याला. टाकून द्यायचं कापड असा प्रकार या व्यवस्थेत जवळजवळ नव्हताच.

जुनंच कापड का, याचं कारण केवळ गरिबी नव्हे. नव्या सुती कापडात खळ असते, आणि ते पहिल्या काही धुण्यांत आटतं. वेगवेगळी नवी कापडं एकत्र शिवली तर धुतल्यावर प्रत्येक आपापल्या मापाने आटतं आणि गोधडीला चुण्या पडतात. जुनेराचं आटायचं ते आटून झालेलं असतं, खळ निघून गेलेली असते, सूत सैल आणि मऊ झालेलं असतं. तान्ह्या बाळाला आजीच्या लुगड्यात गुंडाळण्यामागे जी भावना आहे ती आहेच; पण नव्या कापडाचा कडकपणा बाळाच्या कातडीला बोचतो, हे त्या आजीला ठाऊक असे.

शिवायचे दिवस बहुधा उन्हाळ्याचे. सुगी संपलेली, पाऊस लांब, अंगण कोरडं. जमिनीवर खालचं आवरण ताणून पसरायचं, कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, त्यावर जुनेरांचे थर. फाटक्या जागा एकावर एक येऊ नयेत अशा बेताने. सगळ्यांत वर बरं कापड. मग कडेने मोठे टाचे घालून थर पक्के करायचे आणि धावदोरा सुरू. कुठे दोरे उभे समांतर जातात, कुठे चौकटीत चौकट करत कडेपासून मध्याकडे. चौघी चार बाजूंनी बसल्या तर काम लवकर उरकतं, पण चौघींचा हात सारखा नसतो, आणि टाक्यांवरून कोण कुठे बसली होती ते जाणती बाई नंतरही सांगू शकते.

आता थोडं गणित, कारण यावर कुणी बोलत नाही. चार फूट रुंद आणि सहा फूट लांब गोधडी धरा. एकेका इंचावर दोरा धरला तर अठ्ठेचाळीसेक ओळी. प्रत्येकी सहा फूट, म्हणजे एकूण 288 फूट शिवण, जवळजवळ 88 मीटर. इंचाला तीन टाके म्हटले तरी दहा हजारांवर जातात. आणि हे पाच-सहा थरांतून, बोटाला भोकं पाडत. दोन ओळींतलं अंतर दुप्पट केलं तर काम निम्मं होतं, पण मग आतले थर सरकतात, गोळे होतात आणि मधे पोकळ जागा पडून थंडी लागते. दाट शिवण ही नक्षीसाठी नसून टिकाऊपणासाठी असते. नक्षी तिच्यातून आपोआप उमटते.

कोल्हापूर-सांगलीकडे हिला वाकळ म्हणतात. सीमेपलीकडे कर्नाटकात ती कौदी होते. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागांत सिद्दी लोक राहतात. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून पोर्तुगीज गोव्यात आणले गेले आणि तिथून निसटून या जंगलांत शिरले. घरात कोकणी बोलणाऱ्या या समाजाच्या बायकांनी शिवलेली कौदी रंगांच्या धीटपणात आपल्या गोधडीच्या बरीच पुढे आहे. कडेपासून फिरत फिरत मध्याकडे शिवत जायचं, आणि शेवटी कोपऱ्यांना कापडाच्या दुमडलेल्या त्रिकोणांची 'फुलं' लावायची. फुलं नसतील तर कौदी उघडी राहिली असं त्या मानतात. बिहारमध्ये मुजफ्फरपूरजवळच्या भुसुरा गावात हीच कला सुजनी नावाने आहे, आणि तिथल्या बायका आता टाक्यांतून हुंड्याच्या, मुली नकोशा होण्याच्या गोष्टी मांडतात. बंगालच्या कांथ्याचं नशीब सगळ्यांत थोर. गुरुसदय दत्त या आयसीएस अधिकाऱ्याने गावोगाव फिरून लोककलेच्या वस्तू जमवल्या, त्यात कांथेही होते. कोलकात्याजवळ जोका इथलं संग्रहालय त्यांच्याच नावाने उभं आहे. आपल्या गोधडीकडे असं बारकाईने बघणारं माणूस फार उशिरा भेटलं. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर सचित्र पुस्तक केलं, ते छापलं फ्रान्समधल्या एका प्रकाशनाने. यावर काय बोलावं!

संतांच्या प्रदेशात गोधडीला वेगळा मान मिळाला तो गाडगेबाबांमुळे. चिंध्या जोडून अंगावर घेतलेल्या त्या वस्त्रामुळे लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. घराघरांत रात्री अंगावर घेतली जाणारी वस्तू त्यांनी दिवसाढवळ्या, हजारोंच्या समोर, खराट्याबरोबर मिरवली.

गोधडीचा इतिहास खरं तर तिच्या कापडाचा इतिहास आहे. मुंबईत कावसजी दावर यांनी 1854 मध्ये पहिली कापडगिरणी काढली आणि पुढच्या काही दशकांत गिरणीचं स्वस्त सुती कापड खेडोपाडी पोचलं. दुसऱ्या महायुद्धात कापड इतकं दुर्मिळ आणि महाग झालं की सरकारला 1943 मध्ये कापड नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. अशा काळात दंड घालणं ही हौस नव्हती. मग साठ-सत्तरच्या दशकांत टेरिलीन आणि नायलॉन आलं, आणि गोधडीला खरा धक्का बसला तो इथे. या साड्या विरत नाहीत, घाम टिपत नाहीत, थर एकमेकांवरून घसरतात, चुलीची ठिणगी पडली तर वितळून चिकटतात. त्यांच्या गोधड्या झाल्या, आजही होतात, दिसायला झगझगीत. पण अंगावर घेऊन बघा.

त्यातच शहरी गल्ल्यांत बोहारीण येऊ लागली. चार जुन्या साड्यांवर स्टीलचं पातेलं. घासाघीस तासभर, आणि शेवटी एखादा सदरा वाढवून घेतल्याशिवाय ती उठत नसे. जुनेराला पहिल्यांदाच घराबाहेरची किंमत आली आणि ते गोधडीत जायचं थांबलं. उरलेली कसर पानिपतने भरून काढली. जगभरातले जुने लोकरी कपडे पिंजून, त्यांचं सूत काढून तिथे विणलेली स्वस्त ब्लँकेटं बाजारात आली, पाठोपाठ पॉलिएस्टरची गुबगुबीत. एका गोधडीला लागणाऱ्या श्रमांची नाममात्र मजुरी धरली तरी ब्लँकेट त्याहून स्वस्त पडतं. ज्या बाईने हा हिशेब करून दाभण ठेवून दिलं, तिला परंपरा मोडली म्हणून नावं ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

शिवणयंत्राची गोष्ट थोडी निराळी. रमाबाई रानड्यांनी 1909 मध्ये पुण्यात सुरू केलेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवणकाम हे बाईच्या हातात पैसा देणारं शिक्षण मानलं. 1936 पासून देशी 'उषा' यंत्र मिळू लागलं, आणि पुढे हुंड्याच्या यादीतही जाऊन बसलं. शिवणक्लासने मुलींना ब्लाउज, परकर, अभ्रे शिकवले. गोधडी शिकवली नाही. ती येतच असणार असं धरलं गेलं. दुपारच्या मोकळ्या वेळात क्रोशाचे रुमाल आले, ते आधी रेडिओवर आणि मग टीव्हीवर अंथरले गेले. 'सुस्वागतम'ची भरलेली चौकट आली, मण्यांची तोरणं आली. यातलं बरंचसं मला तेव्हाही आवडत नसे. मात्र कागदाच्या लगद्याच्या टोपल्यांना मी मानतो. रद्दी भिजवायची, भिजवलेल्या मेथ्या वाटून त्यात मिसळायच्या, पालथ्या पातेल्यावर थापून उन्हात वाळवायचं. मेथीच्या चिकट्याने टोपली घट्ट होते आणि कडूपणामुळे कीड लागत नाही. खर्च मूठभर मेथ्यांचा.

2018 मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा बचत गटांना कापडी पिशव्यांची कामं मिळाली. खणाच्या पर्सा, खणाचे आकाशकंदील, पैठणीच्या काठाची तोरणं यांचे गाळे आता प्रत्येक दिवाळी प्रदर्शनात असतात. गोधडीही तिथे परतली आहे, पण नवं कापड, आत पॉलिएस्टरचा थर आणि यंत्राची शिवण असं तिचं रूप आहे. यात लबाडी नाही. फक्त हिला हातशिलाईची म्हणून विकू नये. खरी ओळखायची तर उलटून बघावी. हाताचा टाका मागेही जवळजवळ तसाच दिसतो, क्वचित वाकडा, आणि दोरा संपला तिथे गाठ किंवा परतलेला टाका सापडतो.

हातची निघाली की गिऱ्हाईक भाव पाडतं. 'जुन्या कापडाचे एवढे?' हा प्रश्न मी प्रदर्शनांत इतक्या वेळा ऐकला आहे की विकणाऱ्या बाईचं उत्तरही पाठ झालं आहे: कापडाचे नाही ताई, हाताचे. त्यावरही दोन-तीनशे कमी करून मागितले जातात. घरच्या बाईचा वेळ फुकट धरायची सवय आपल्याला इतकी मुरली आहे की ती बाजारात आल्यावरही सुटत नाही. गोधडीवर कविता म्हणणारे लोकही यात असतात.

सारं काही प्रदर्शनात गेलेलं नाही. दसरा-दिवाळीनंतर बीड-नगरकडून ऊसतोडीला निघणाऱ्या ट्रक-ट्रॅक्टरांवर भांड्यांबरोबर गोधड्यांच्या वळकट्या असतातच; उसाच्या फडाजवळच्या कोपीत जमिनीची ओल अडवायला त्या लागतात. गावांकडे घटस्थापनेआधी गोधड्या धुवायचा दिवस अजून पाळला जातो. ओली गोधडी एकटीने उचलत नाही, दोघी दोन टोकांना धरून पिळतात, आणि वाळायला खडक किंवा कुंपण लागतं. शहरातल्या फ्लॅटमध्ये नेमकी हीच अडचण आहे. सहा किलोच्या वॉशिंग मशीनला पाच थरांची ओली गोधडी पेलत नाही आणि गॅलरीतल्या दोरीलाही. म्हणून शिवणाऱ्यांनी माप उतरवलं. आता सोफ्यावर टाकायच्या पातळ, दोन-तीन थरांच्या गोधड्या निघतात आणि बाळाच्या दुपट्याएवढ्या. नाव भरून हवं असेल तर त्याचे पैसे वेगळे.