मूल ‘केयं’ म्हणतं की ‘तेयं’? अवघड उच्चारांचा सराव घरी कसा घ्याल?

अकोला जिल्ह्यातल्या हिवरखेडमध्ये चार वर्षांचं मूल केळ्याला ‘केयं’ म्हणालं, तर काळजीचं कारण नाही. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा ‘डोया’ होतो, काळा ‘काया’. घरात सगळे असंच बोलतात, मूल तेच उचलतं. ही बोली आहे, दोष नाही. ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाच्या १९०५ मधल्या मराठी खंडातही वऱ्हाडीची नोंद आहे. त्यासाठी मुलाला टोकू नका.

पण तेच मूल ‘तेयं’ म्हणत असेल तर? घरात कुणीच ‘क’ला ‘त’ म्हणत नाही. इथे मदत हवी.

असं का होतं?

‘त’ म्हणताना जिभेचं टोक दातांना लागतं. ‘क’साठी जिभेचा मागचा भाग वर जातो आणि तो दिसत नाही. प, ब, म ओठांवर दिसतात, म्हणून लवकर जमतात. क, ग साधारण चौथ्या वर्षापर्यंत येतात. र, स, श यांना आणखी वेळ लागतो.

सराव कसा घ्यायचा?

१. आधी कान तयार करा. ‘कार’ आणि ‘तार’ म्हणा. फरक ओळखू द्या.

२. पाण्याच्या गुळण्या करायला लावा. घशाजवळची जागा कळते.

३. आरशासमोर जिभेचं टोक खालच्या दातांमागे ठेवून ‘क’ म्हणायला सांगा.

४. जमलं की का, की, कू. मग काका, कप. मग छोटं वाक्य.

रोज पाच-दहा मिनिटं पुरेत, तीही खेळता खेळता. मूल ‘तप दे’ म्हणालं तर ‘हो, हा घे कप’ म्हणा. ‘पुन्हा म्हण’चा धोशा नको, पाहुण्यांसमोर नक्कल तर नकोच. हसू झालेलं मूल बोलणंच कमी करतं. वेखंड चाटवल्याने जिभेची जागा बदलत नाही.

कधी दाखवायचं?

दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल, चार वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्याला कळत नसेल, कान वाहत असेल किंवा हाक ऐकू येत नसेल, तर थांबू नका. आधी कान तपासा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची मोफत तपासणी होते. पथक आलं की बोलण्याची अडचण आवर्जून सांगा.