शिक्का आणि शाई

कावेरीकाठचे कुंभकोणम एके काळी तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात होते. मराठी दफ्तरात पत्राचा मजकूर संपला, की तेथे मोर्तब उठवीत. त्यापुढे कोणास अक्षरही वाढविता येऊ नये, हा हेतू. याच गावी १९०४ साली स्थापन झालेली कुंभकोणम बँक आज सिटी युनियन बँक म्हणून ओळखली जाते. बँकांच्या काउंटरवर मोर्तबाचे काम आता सेल्फ-इंकिंग शिक्का करतो.

धनादेश वटविताना हल्ली कागद नव्हे, त्याची प्रतिमा पाठविली जाते. चेन्नईत ही पद्धत २०११ मध्ये सुरू झाली. शिक्क्याची शाई तारीख, नाव, रक्कम वा सहीवर पसरली, तर प्रतिमेतही ते अवाचनीय होते आणि खातेदाराचा धनादेश अडण्याची भीती असते.

ठसा फिका दिसू लागला, की शाई ओतण्याची घाई होते. बिघाड होतो तो तेथेच. शिक्का थोडा दाबून बाजूच्या कळीने अडकवावा, म्हणजे आतील गादी बाहेर सरकविता येते. तिच्यावर थेंबाथेंबाने शाई सोडून ती मुरू द्यावी. या गादीला सामान्यतः पाण्यातील शाई लागते. फ्लॅश शिक्क्याची तेलकट शाई येथे चालत नाही. अक्षरांच्या खाचांतील वाळलेली शाई ओलसर फडक्याने टिपावी. टाचणीने कोरल्यास रबर चिरते. मग दोन-चार ठसे रद्दी कागदावर उठवावेत; पहिला ठसा ग्राहकाच्या पावतीवर नको.