स्कॉटलंडचे केसाळ गोधन : पाहावे कोठे, पाहावे कसे

‘पशुधन’ हा शब्द मराठीत इतका रुळलेला आहे की, त्यातील ‘धन’ या भागाकडे सहसा लक्ष जात नाही. इंग्रजीतही गुरांसाठी योजला जाणारा ‘कॅटल’ आणि भांडवलासाठी योजला जाणारा ‘कॅपिटल’ हे दोन शब्द एकाच लॅटिन मुळातून आले आहेत. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील व पश्चिमेकडील डोंगराळ मुलुखात, म्हणजे हायलँड्समध्ये, तर काही शतके गुरे हीच खरी संपत्ती होती. लांब शिंगांची, अंगभर केस असलेली आणि डोळ्यांवर झुलपे आलेली ही हायलँड गुरे आज भेटकार्डांवर, पेल्यांवर आणि पर्यटकांच्या छायाचित्रांत सर्वत्र दिसतात. भेटवस्तूंच्या दुकानाऐवजी ती मोकळ्या माळावर पाहायची असतील तर कोठे जावे, केव्हा जावे आणि तेथे कसे वागावे, याची थोडी माहिती प्रवासाला निघण्यापूर्वी असणे हितावह ठरते.

ओळख जनावराची

हायलँड गुरांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. बाहेरचा थर लांब, राठ आणि तेलकट असतो. त्याची लांबी ३० सेंटिमीटरहून अधिक भरू शकते. पावसाचे पाणी या केसांवरून ओघळून जाते. आतला थर मऊ लवेचा असून तो अंगातील ऊब धरून ठेवतो. या पांघरुणामुळे थंडीपासून बचावासाठी त्वचेखाली चरबीचा जाड थर साठवण्याची गरज या जनावरांना फारशी पडत नाही. डोळ्यांवर येणाऱ्या झुलपांना ‘डॉसन’ असे म्हणतात. माश्या, वारा आणि पाऊस यांपासून ती डोळ्यांचे रक्षण करतात. आपल्याकडे सह्याद्रीच्या धुवाधार पावसात टिकणाऱ्या डांगी गुरांच्या कातडीतूनही तेलकट स्राव पाझरतो. हवामानाने घातलेले कोडे दोन दूरच्या देशांतील गुरांनी एकाच रीतीने सोडवावे, हे लक्षणीय आहे.

तांबूस रंग सर्वांत परिचित असला तरी काळी, पिवळी, करडी, पांढरी आणि पट्टेदार हायलँड गुरेही असतात. पूर्वी बेटांवरील लहान चणीची काळी गुरे आणि मुख्य भूमीवरील थोराड तांबडी गुरे असे दोन प्रकार मानले जात. आता तो भेद उरलेला नाही. गाय सुमारे ५०० किलो आणि वळू सुमारे ८०० किलोपर्यंत भरतो. गाय कोणती आणि वळू कोणता, हे दुरूनही शिंगांवरून ताडता येते. गाईची शिंगे वर उंचावलेली असतात. वळूची अधिक जाड, आडवी पसरून पुढे वळलेली असतात. या जातीची नोंद ठेवणारी ‘हायलँड कॅटल सोसायटी’ १८८४ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने वंशावळीचे पहिले पुस्तक प्रसिद्ध केले. या गुरांच्या कळपाला इंग्रजीत नेहमीचा शब्द न वापरता ‘फोल्ड’ असे म्हणतात. रात्री जनावरे ज्या दगडी आवारात कोंडली जात, त्या आवारावरून हे नाव पडले.

गुरांच्या वाटा

सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत हायलँड्समधील कुटुंबांचा खंड बहुतांशी गुरे विकून भागे. ‘ड्रोव्हर’ म्हणजे गुरे हाकणारे व्यापारी गावोगावची जनावरे गोळा करीत आणि डोंगरवाटांनी दक्षिणेकडील क्रीफच्या व पुढे फॉल्कर्कच्या बाजारात नेत. तेथून ती इंग्लंडला जात. फॉल्कर्कच्या बाजारात उलाढाल एवढी मोठी असे की, बँकांचे प्रतिनिधी तेथे तंबू टाकून व्यवहार करीत. स्काय बेटावरील गुरांना तर काईल रे नावाची सामुद्रधुनी पोहून ओलांडावी लागे. एकीच्या शेपटीला दुसरीचा जबडा दोराने बांधून गुरांची रांग होडीमागून नेली जाई. याच जागी आज ग्लेनेल्ग ते कायलरे अशी लहान फेरीबोट उन्हाळी हंगामात चालते. तिचा गाड्यांचा डेक अजूनही माणसे हातांनी फिरवतात. प्रवाहाचा वेग पाहिला म्हणजे त्या जनावरांच्या ताकदीची कल्पना येते.

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून अनेक जमीनदारांनी अधिक उत्पन्नासाठी कुळांना हुसकावून तेथे मेंढ्यांची कुरणे केली. इतिहासात हा काळ ‘हायलँड क्लिअरन्सेस’ या नावाने ओळखला जातो. कुळे गेली तशी त्यांची गुरेही गेली. त्यामुळे एखाद्या रिकाम्या दरीत पडक्या घरांच्या भिंतींजवळ हायलँड गाय चरताना दिसली, तर ते केवळ सुंदर चित्र नसते. त्या दरीत पूर्वी नांदत्या असलेल्या संसाराची ती खूण असते.

शहरांच्या वेशीवर

ज्यांच्याकडे दिवस मोजकेच आहेत, त्यांना ग्लासगो सोयीचे. शहराच्या हद्दीतच पोलॉक कंट्री पार्क हे विस्तीर्ण उद्यान असून महापालिकेचा हायलँड गुरांचा कळप तेथील कुरणांत असतो. प्रवेशमूल्य नाही. मध्यवर्ती स्थानकातून लोकलने पोलॉकशॉज वेस्ट येथे उतरून पायी जाता येते. याच उद्यानात २०२२ साली नूतनीकरणानंतर पुन्हा खुले झालेले बरेल कलेक्शन हे कलासंग्रहालय आहे. त्यामुळे वृद्ध मंडळी आणि मुले यांना घेऊन निघालेल्या कुटुंबाचा अर्धा दिवस उत्तम जातो. एडिंबरामध्ये मुक्काम असेल, तर शहराच्या दक्षिण टोकाला पेंटलंड टेकड्यांच्या पायथ्याशी स्वॉन्स्टन हे जुने खेडे आहे. तेथील टेकडीच्या उतारावर ही गुरे दिसतात.

ट्रॉसॅक्स ते केर्नगॉर्म

ग्लासगोच्या उत्तरेला ट्रॉसॅक्सच्या डोंगराळ भागात कॅलंडर गावाजवळ किल्महॉग येथे लोकरी कापडाच्या गिरणीशेजारी एक कुरण आहे. हॅमिश नावाच्या बैलामुळे हे ठिकाण प्रसिद्धीस आले. १९९६ सालच्या ‘मॅड काऊ’ संकटाच्या काळात तो कत्तलीतून वाचवला गेला. २०१४ साली त्याचा मृत्यू झाला, तोवर असंख्य पर्यटकांनी त्याची भेट घेतली होती. त्यानंतरही तेथे हायलँड गुरे ठेवली गेली. सहलीच्या बसगाड्या येथे हमखास थांबतात. गर्दी टाळायची असेल, तर सकाळी लवकर जावे.

आणखी उत्तरेला केर्नगॉर्म राष्ट्रीय उद्यानात एव्हीमोरजवळ रॉथिमर्कस ही इस्टेट आहे. तेथे माहितगारासोबत कळप पाहण्याची सोय केली जाते. ज्यांना जनावराच्या जवळ जायची हौस आहे, त्यांच्यासाठी हाच योग्य मार्ग होय. कारण कोणत्या जनावराजवळ केव्हा जावे, हे सांगणारा जाणता माणूस सोबत असतो. पूर्वेकडे डी नदीच्या खोऱ्यात बाल्मोरल ही राजघराण्याची इस्टेट आहे. राणी एलिझाबेथ दुसऱ्या यांच्या काळापासून तेथे हायलँड गुरांचा कळप आहे. राजघराण्याचा मुक्काम उन्हाळ्याच्या उत्तरार्धात असल्याने त्या काळात किल्ल्याचे आवार पाहण्यासाठी बंद असू शकते. हे आधी तपासून घ्यावे.

इन्व्हर्नेसजवळील कलोडनची रणभूमी इतिहासप्रेमींना परिचित आहे. १६ एप्रिल १७४६ रोजी येथे जॅकोबाइट सैन्याचा पराभव झाला आणि हायलँड्सची जुनी कुळव्यवस्था खिळखिळी झाली. रणभूमीवर झुडपांचे रान माजू नये म्हणून तेथे हायलँड गुरे चरावयास सोडली जातात. मेंढी गवत मुळापर्यंत कुरतडते. गाय मात्र जिभेने गवताचे बुंधे ओढून खाते, राठ गवतही पचवते आणि खुरांनी नेचे तुडवते. त्यामुळे रानफुलांना जागा मिळते. या कारणाने निसर्गरक्षणाच्या कामातही या जातीला मागणी आहे.

पश्चिम किनारा आणि बेटे

‘कुछ कुछ होता है’ (१९९८) या चित्रपटाच्या शीर्षकगीतात पाण्याने वेढलेला जो किल्ला दिसतो, तो आयलिन डोनन. तेथून मोटारीने थोड्याच अंतरावर प्लॉक्टन हे खाडीकाठचे टुमदार गाव आहे. या गावाच्या परिसरात हायलँड गुरे रस्त्यावरून मोकळी हिंडताना अनेकांनी पाहिली आहेत. स्काय बेटही येथून जवळ आहे. तेथे पुलावरून जाता येते.

मल बेटासाठी ओबन बंदरातून क्रेगन्युअरला बोट मिळते. प्रवास एका तासाहून कमी. बेटाच्या दक्षिणेस लॉखबुईकडे आणि पश्चिमेस लॉख ना कील या खाडीच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यांवर, कधी थेट समुद्राच्या पुळणीवरही, ही गुरे आढळतात. ओबन हे या गुरांच्या प्रदर्शनाचे व लिलावाचे दीर्घकाळचे केंद्र आहे. फेब्रुवारी व ऑक्टोबरमधील लिलावांसाठी येथे परदेशांतूनही पैदासकार येतात. त्या सुमारास गेलेल्या प्रवाशाला या जनावराचा बाजारभाव म्हणजे काय, हे प्रत्यक्ष पाहता येते.

केव्हा जावे

वासरे पाहायची असतील तर एप्रिल ते जून हा काळ चांगला. मात्र उन्हाच्या दिवसांत जुने केस गळून पडतात आणि गुरे काहीशी विरळ केसांची दिसतात. भरघोस केसांचे रूप हवे असेल, तर ऑक्टोबरपासून पुढे जावे. जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिम किनाऱ्यावर ‘मिज’ नावाच्या बारीक चावऱ्या किड्यांचा त्रास होतो. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, तर डिसेंबरात दुपारी साडेतीन-चारलाच अंधारून येते. दिवसाचा कार्यक्रम आखताना हा फरक ध्यानात ठेवावा.

निघण्यापूर्वी

स्कॉटलंडसाठी ब्रिटनचा व्हिसा लागतो. युरोपचा शेंगेन व्हिसा तेथे चालत नाही. भारतीय वाहन परवान्यावर पर्यटकाला तेथे बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते आणि वाहतूकही आपल्यासारखी डावीकडून असते. ग्रामीण भागातील एकपदरी रस्त्यांवर ठिकठिकाणी ‘पासिंग प्लेस’ म्हणून रुंद जागा असतात. त्या समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी असतात. गाय दिसली म्हणून तेथे गाडी उभी करून ठेवणे हे गावकऱ्यांच्या गैरसोयीचे प्रमुख कारण ठरते. बँक ऑफ स्कॉटलंड, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि क्लाइड्सडेल बँक या तीन बँका स्वतःच्या पौंडाच्या नोटा काढतात. इंग्लंडमधील काही दुकानदार त्या घेण्यास कचरतात. त्यामुळे उरलेल्या नोटा स्कॉटलंडमध्येच खर्च कराव्यात किंवा बँकेत बदलून घ्याव्यात.

हात आखडता घेण्याचा विवेक

गाईला हात लावून नमस्कार करणे आणि तिला घास भरवणे, हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले जाते. परदेशातील कुरणात मात्र हा जिव्हाळा आवरावा लागतो, आणि त्यामागे ठोस कारण आहे. २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ-खुरकूत रोगाची प्रचंड साथ आली. प्रक्रिया न केलेले खरकटे डुकरांना घातल्यामुळे ती सुरू झाली असावी, असा निष्कर्ष निघाला. ती आटोक्यात आणण्यासाठी साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. अनेक शेतकऱ्यांचे पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेले कळप काही दिवसांत नाहीसे झाले. तेव्हापासून स्वयंपाकघरातील अन्न गुरांना घालणे तेथे कायद्याने निषिद्ध आहे. भारतातून जाणाऱ्यांना मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सोबत नेण्यासही मनाई आहे. तेव्हा नातेवाइकांसाठी घेतलेले पेढे, बर्फी आणि तूप घरीच ठेवावे.

स्कॉटलंडमध्ये २००३ सालच्या जमीनसुधारणा कायद्याने बहुतेक मोकळ्या जमिनीवर पायी हिंडण्याचा हक्क सर्वांना दिला आहे. भारतीय पर्यटकालाही तो मिळतो. मात्र हा हक्क जबाबदारीने वागण्याच्या अटीवर आहे. फाटक जसे आढळले तसेच, उघडे असेल तर उघडे आणि बंद असेल तर बंद, ठेवावे. गाय आणि तिचे वासरू यांच्या मध्ये कधीही जाऊ नये. वासरे असलेल्या कुरणात कुत्रा नेऊ नये. जनावर शांत स्वभावाचे असले तरी माशी हाकलण्यासाठी त्याने सहज मान झटकली, तरी लांब शिंगाचा तडाखा माणसाला पुरेसा असतो. कुंपणाबाहेरून काढलेले छायाचित्रही चांगलेच येते.

कुरणातले जनावर बेवारस वाटले तरी ते कोणाच्या तरी मालकीचे असते. कोणाच्या तरी कर्जाचे तारण, कोणाच्या तरी पुढच्या हिवाळ्याची बेगमी असते. ते पाहण्याला तेथे कोणी मोल मागत नाही. दुसऱ्याची ठेव जशी हात न लावता जपायची असते, तसेच हे धन दुरून डोळे भरून पाहावे आणि जसे होते तसे मागे ठेवून पुढच्या मुक्कामाकडे निघावे.